मधल्या पाण्यातली मरळ

लाकडाचा मासा पाण्यात नीट पोहतो की नाही, हे काठावर उभं राहून कळत नाही. दोरा बोटात धरावा लागतो. नीट पोहत असेल तर दोऱ्यातून बारीक, सारखी थरथर येते, दळताना जात्याच्या खुंट्यातून येते तशी. थरथर तुटक आली तर मासा एका कुशीवर कलंडतोय. थरथर गेली आणि दोरा नुसता जड झाला तर शेवाळ अडकलंय. हे मी एकोणिसाव्या वर्षी, एका श्रावणात शिकले. पुढे आयुष्यात त्याचा मला कुठेही उपयोग झाला नाही.

माझं सासर सौंदडला आणि माहेर गोंदियाला लागून मुर्रीत. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती. बाबा रेल्वेत डब्यांचं सुतारकाम करत. घरच्या दोन बांध्यांत धान व्हायचं. घरात बाबा, माय आणि बाबांची थोरली विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या. मी एकुलती.

त्या ज्येष्ठात माय पुन्हा बाळंत झाली. लेकीचं लग्न होऊन गेल्यावर आईला मूल व्हावं, याचं लोकांना हसू येई. मायलाही लाज वाटायची. मी भेटायला गेले की ती पोटावर सूप धरून बसायची. मुलगा झाला. सव्वा महिन्याचं न्हाणं व्हायच्या आत त्याला ताप आला, दूध ओढेना, आणि तो गेला. आत्याने मायच्या छातीला मोगऱ्याची फुलं बांधली, दूध आटावं म्हणून. मग सौंदडला निरोप पाठवून मला बोलावून घेतलं.

मी आले तेव्हा माय कामं करत होती. तांदूळ निवडायची, अंगण सारवायची, बाबांचा डबा भरायची. फक्त जेवत नव्हती. ताटावर बसायची, भात कालवायची, आणि कालवलेला भात आत्याच्या ताटात सरकवायची. पेजेचे दोन घोट जात, तेही आत्या समोर बसून राहिली तर. गोंदियाच्या डॉक्टरने तपासलं. तो हिंदी बोलणारा, कामाचा माणूस होता.

"दवा तो मैं दे दूँगा," तो बाबांना म्हणाला, "लेकिन पेट में कुछ जाएगा तब ना? खिलाओ इनको. मछली, अंडा, जो माँगे वो खिलाओ. ऐसे तो दो-तीन महीने नहीं निकलेंगे."

माय काही मागतच नव्हती, अडचण तीच होती. आत्या दिवसभर तिच्या मागे असायची.

"काय खासीन ते सांग ना वो. सोनं मांगशीन तं सोनं रांधू."

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी चुलीजवळ बसल्या बसल्या माय एकदम म्हणाली, "मरळ असती तं खाल्ली असती."

आत्याच्या हातातला पळा थांबला. मी भाकर उलटायची विसरले. महिनाभरात तिने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट.

"सरावन सरू द्या, मंग," माय म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "पण बेंडकीवरची नोको."

हे जरा सांगायला हवं. आमच्याकडे मरळ धरायची म्हणजे गळाला जिवंत बेंडकी टोचतात. ती पाण्यावर पाय झाडते, आणि त्या झाडण्यावर मरळ येते. मायच्या माहेरच्या बाया अशी मरळ खात नसत. जाळ्यातली, धुट्टीतली, म्हणजे बांबूच्या सापळ्यातली चालायची, पण जीव टोचून धरलेला जीव चालायचा नाही. दुसऱ्या कुणाकडे ही रीत मी पाहिली नाही. आणि मरळ जाळ्यात फारशी येत नाही. जाळं ओढलं की ती चिखलात डोकं खुपसते. बाजारात येणारी मरळ बहुतेक बेंडकीवरचीच असायची.

"बाजारातून आणू अन जाळ्यातली म्हणून सांगू," आत्या बाबांना हळूच म्हणाली.

"माशाचे ओठ पाहाते ते. गळाचं भोक दिसते."

"मंग काय कराचं?"

बाबा उठले. छपराखालच्या आडव्यावर चढवून ठेवलेली एक लांब पिशवी त्यांनी खाली काढली.

बाबांच्या रेल्वेच्या कारखान्यात एक इंग्रज साहेब होता. सुट्टीच्या दिवशी तो तलावावर जायचा, आणि सामान उचलायला बाबांना न्यायचा. देश सोडून जाताना त्याने आपली वेताची काठी, तिचं दोरा गुंडाळायचं चाक आणि एक रंग उडालेला लाकडाचा मासा बाबांना दिला होता. माशाच्या हनुवटीखाली पत्र्याची जीभ असायची, ती तुटली होती. बाबांनी ते सगळं इतकी वर्षं तसंच ठेवलं होतं. आता त्यांनी तो मासा हातात घेऊन मायपुढे धरला.

"हा लाकडाचा हाय. याच्यात जीव नाई. याच्यावर धरली तं खासीन?"

मायने मासा उलटापालटा करून पाहिला. "खाईन," ती म्हणाली.

ती असं म्हणाल्यावर घरात दुसरा विषय राहिला नाही.

श्रावणात आम्ही मासा खात नव्हतो आणि मारतही नव्हतो. पण लाकडाचा मासा पाण्यातून ओढायला काय हरकत? गळ लावायचे नाहीत, एवढंच. बाबांनी हिशोब केला की महिनाभर मासा घडवायचा, त्याला पोहायला शिकवायचं, आणि पोळा झाला की गळ लावायचे. साहेबाचा मासा आतून कुजला होता, त्यामुळे नवा करणं भाग होतं. बाबांनी पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेतलं. पोटात कोरून शिसं ओतलं. जीभ डालड्याच्या डब्याच्या पत्र्याची. वरून लाखेचा हात दिला, कारण गोंदियात लाख स्वस्त आणि सगळ्या गोष्टींना तीच लावायची सवय. डोळे काढायला काळं काही नव्हतं. बाळाच्या काजळाची डबी कोनाड्यात होती. बाबांनी तिकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कामावरून इंजिनाची काजळी कागदात बांधून आणली.

आत्याने त्या माशाचं नाव लाकड्या ठेवलं. "भात झाला, डाळ झाली," ती ओरडायची, "लाकड्याले बी वाढू का?"

तपासायचं काम माझ्याकडे आलं. बाबा सकाळी कामावर जात. शिवाय त्यांना दुरून नीट दिसत नसे, माझी नजर चांगली होती. गावाच्या तलावाला देवळाच्या बाजूने दगडी पायऱ्या होत्या. पाण्याखालीही बऱ्याच पायऱ्या जात. बाबांनी मोजमापाची युक्ती त्याच पायऱ्यांची काढली.

"मरळ तळाशी असते का वरते?" मी विचारलं होतं.

"साहेब म्हणे, मधात. वरवर ओढला तं नुसती पाहाते. तळाशी गेला तं बुंध्यात फसते. मधल्या पाण्यातून गेला पायजे."

म्हणजे वरून मोजत बुडालेल्या चौथ्या पायरीला लाकड्याची जीभ घासली पाहिजे आणि तिसरीवरून तो न घासता सुटला पाहिजे. मी काठीने तो लांब टाकायचा, सरळ रेषेत पायऱ्यांकडे ओढत आणायचा, आणि घासल्याची टकटक कितव्या पायरीला लागते ते संध्याकाळी बाबांना सांगायचं. लग्न झालेल्या बाईने, तेही शेतकऱ्याच्या घरच्या, तलावावर काठी घेऊन उभं राहायचं, हे आमच्यात होत नव्हतं. पाण्याला येणाऱ्या बाया कळशी कमरेवर ठेवून पाहत उभ्या राहत.

"काऊन वो, सासरच्याइनं हाकललं का? ढिवराच्या घरी देली का तुले?"

"हो," मी म्हणायची, "हुंड्यात लाकडाचा मासा देला."

तलाव मासे धरणाऱ्या ढिवरांकडे होता. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला बाबांनी आधीच विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, "काठीनं मारा जी मिस्त्री. एकानं का तलाव सरते? जाळं नोको टाका म्हणजे झालं."

पहिला लाकड्या बुडालाच नाही. त्याची जीभ सरळ खाली वाकवलेली होती, आणि तो पाण्यावर आडवातिडवा नाचत आला. दुसऱ्याची जीभ बाबांनी लांब आणि चपटी ठेवली. तो इतका खोल गेला की शेवटच्या पायऱ्यांच्या खाली कुठेतरी अडकला, आणि मला पदर खोचून पाण्यात उतरावं लागलं. तिसऱ्याची जीभ मधल्या कलाची होती. तो चौथी पायरी घासायचा, पण सरळ येत नसे, देवळाच्या बाजूला ओढ घ्यायचा.

"कोणत्या अंगाले जाते?" बाबा विचारत.

"डाव्या."

मग ते पकडीने त्याच्या नाकाची तार केसभर उजवीकडे वाकवत. दुसऱ्या दिवशी मी सांगायची, अजून डावीकडेच, पण कमी. पुन्हा केसभर. मी कधी अंदाजाने बोलले नाही. जे लागलं ते सांगितलं, जे दिसलं ते सांगितलं. बाबा म्हणत, खोटं मोजमाप दिलं तर दरवाजा बसत नाही.

या सगळ्या बोलण्यात माय नसायची. ती भिंतीला टेकून वाती वळत बसायची. एका संध्याकाळी मी सांगत होते की आज लाकड्या सुस्त आला, थरथर मंद होती, पायरी एक खाली गेली. बाबा तार पाहू लागले.

"पाणी पेला असन त्यानं," माय म्हणाली.

बाबांनी मासा उन्हाकडे धरला. लाख पांढुरकी पडून पोटाशी तडकली होती, आणि लाकूड आतून ओलं झालं होतं. मायचं बरोबर होतं. बाबांनी तो चुलीवर दोन दिवस सुकवला आणि लाखेऐवजी जवसाच्या उकळत्या तेलात बुडवला. त्या रात्रीच्या जेवणात मायने पेजेचा वाडगा अर्ध्यापर्यंत नेला. आत्या मला नजरेने खुणावत होती. मीही मनात पोळ्यापर्यंतचे दिवस मोजू लागले होते.

पोळा झाला. पोळ्याला माझा नवरा मला न्यायला आला होता. मायकडे बघून एकटाच परत गेला. सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबांनी लाकड्याच्या पोटाला आणि शेपटीला गळ लावले, आणि आम्ही दोघं तलावावर गेलो.

त्या दिवशी काही लागलं नाही. त्यानंतर बाबा कामावरून आले की रोज उजेड असेपर्यंत आम्ही जायचो. लाकड्या आता सुंदर पोहत होता. दोरा बोटावर धरला की एकसारखी थरथर, ना डावीकडे ना उजवीकडे, थेट मधल्या पाण्यातून. पण मरळ येत नव्हती. घरी परतलो की माय दारात उभी असायची. ती विचारत नसे. आमच्या हाताकडे पाहून आत जायची आणि पेजेला हात लावत नसे.

मग एका सुट्टीच्या दिवशी मला पाण्यावर लाल डाग दिसला. कमळाच्या पानांच्या पलीकडे, सुपाएवढा. कुणी कुंकू सांडावं तसा. आधी शेवाळ वाटलं. पण तो सरकत होता. जरा जवळच्या दगडावर जाऊन पाहिलं तर ती पिल्लं होती, शेवयांच्या तुकड्यांएवढी, लालभडक, शेकड्यांनी. एकदम वर यायची, पाण्याला तोंड लावायची, एकदम खाली जायची. आणि त्यांच्या खाली काहीतरी मोठं, काळं फिरत होतं.

"बाबा," मी म्हणाले, "तिथं बारके मासे हायत. मोठी त्याहिले खाले येऊन राहिली."

मोठा मासा लहानाला खातो, याहून वेगळं माझ्या डोक्यात काय येणार? बाबांनाही ते पटलं. जिथे चारा तिथे मरळ. त्यांनी लाकड्या लाल डागाच्या पलीकडे टाकला, आणि मी सांगितलं तसा त्याच्या बरोबर खालून ओढला. पहिल्यांदा पाणी नुसतं ढवळलं. दुसऱ्यांदा काठी वाकून पाण्याला टेकली.

ती बाहेर काढायला बाबांना बराच वेळ लागला. मी गुडघाभर पाण्यात उतरून तिला गोणपाटात धरलं. माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत होईल त्याहून लांब होती. बाबा हसत होते. बाळ गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जगते. बाबांनी तिला ताजीच न्यायचं ठरवलं, म्हणून कळशीत पाणी भरून तीत घातली, तोंडाला ओलं गोणपाट बांधलं, आणि आम्ही जवळजवळ पळतच घरी आलो.

आत्याने आमचा आवाज ऐकूनच चूल फुंकली होती.

"आली का वो? आली का? मसाला वाटाले घेतो!"

माय बाहेर आली. बाबांनी गोणपाट सोडलं. मायने वाकून कळशीत पाहिलं, आणि तिचा चेहरा खरंच उजळला. मी तिच्या समोर होते. हे मी नंतर मनाने घातलेलं नाही.

"लाकड्यावरच?" तिने विचारलं.

"लाकड्यावरच. हे पाह." बाबांनी मासा दाखवला. जीभ वाकडी झाली होती, आणि लाकडावर दातांच्या खुणा होत्या. "बेंडकी नाई, गांडूळ नाई. कोणाचा जीव नाई लावला."

"केवढी हाय जी! कुठं होती?"

"कमळाच्या पल्याड."

मायने बोटाने मरळीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"पाण्यावर लाल होतं का काई?"

"होतं," मी म्हणाले. "बारके लाल पिल्ले. हे मोठे थवे. त्याहिच्याच खालून आली ते. त्याहिले खाले आली असन."

"खाले नाई येत वो पोरी," माय म्हणाली. "राखाले राहाते."

राखण हा आमचा शेतातला शब्द. धान पिकलं की माणूस माचीवर बसून राखण करतो, डुकरं हाकलतो, पाखरं हाकलतो. मायचं माहेर तलावाच्या गावचं. तिला ठाऊक होतं की पिल्लं झाली की मरळ त्यांच्या खाली मधल्या पाण्यात फिरत राहते. तेवढे दिवस ती धड खातही नाही. पिल्लांच्या खालून जे कोणी जाईल त्याच्यावर धावून जाते. आम्ही महिनाभर तार वाकवून, पायऱ्या मोजून लाकड्याला जिथून पोहायला शिकवलं होतं ती नेमकी तिची राखणीची जागा होती. ती भुकेने आली नव्हती.

बाबा खाली बसले. "मले नाई माहीत होतं," ते म्हणाले.

"तुमाले कायचं माहीत असन?" माय रागाने बोलली नाही. "जिती हाय. नेऊन सोडा तिले. लवकर जा जी. पोट्टे उघडे पडले तिचे."

"अवो, एवढी मेहनत केली त्यानं महिनाभर," आत्या चुलीजवळून म्हणाली. "एक दिवस खाऊन घे. मासाच हाय तो."

मायने तिच्याकडे पाहिलंही नाही. गोणपाट उचलून कळशीवर घातलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

आत्याने मला मागच्या अंगणात गाठलं. "नाई दिसलं म्हणाली असती तं तुयी जीभ झडली असती का?" पुढे आत्या मरेपर्यंत मला हेच ऐकवत आली. माझं उत्तर तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. मला विचारलं आणि मी जे पाहिलं ते सांगितलं. महिनाभर मला तेच काम दिलेलं होतं, आणि माय ते भिंतीला टेकून रोज ऐकत होती. तिने दुसऱ्या कुणाला न विचारता मलाच विचारलं, ते उगीच नाही.

बाबा आणि मी परत तलावावर गेलो. ऊन अजून होतं. कमळाच्या पलीकडे पाणी स्वच्छ होतं. लाल डाग कुठे नव्हता. एक बगळा उथळ पाण्यात उभा होता आणि निवांत चोच पुसत होता. बाबांनी कळशी आडवी केली. मरळ थोडा वेळ त्यांच्या हातापाशीच थांबली, तिच्या ओठाला भोक होतं, मग पाण्यात शिरली. मी दगडावर उभी राहून पाहत होते. ती कमळाच्या पलीकडे गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो. पिल्लं वर आली नाहीत.

वाटेत बाबा एकच वाक्य बोलले. "तुयी माय विचारन."

माय जागी होती. "भेटले का पोट्टे तिले?"

"भेटले," बाबा म्हणाले. "सोडल्याबरोबर गेली त्याहिच्यात. सगळे गोळा झाले."

माय उठून बसली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्या क्षणी कळशी घासायला घेतली होती. थोड्या वेळाने तिने आत्याला विचारलं, पेज आहे का. आत्याने वाडगा भरून दिला. मायने तो संपवला आणि बोट फिरवून चाटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जायच्या आधी बाबा तलावावर जाऊन आले. माय पेज घेऊन उंबऱ्याशी बसली होती.

"दिसले का?"

"दिसले. देवळाच्या अंगाले होते आज."

"अन मरळ?"

"त्याहिच्या खालून फिरून राहिली होती. हाय ठीक."

आणि मग हे रोजचं झालं. बाबा खरंच जात. जाऊन पाण्याकडे बघून येत, आणि येऊन सांगत. आज पाळीकडे, बांधालगत आले होते. आज वारा होता, पानाखाली बसले होते. आज थवा जरा फाकला. मायचा प्रश्न, बाबांचं उत्तर, आणि मग तिचा वाडगा. नंतर नंतर ती भातही खाऊ लागली. डॉक्टरने तिची नाडी पाहून "अब ठीक है, ऐसे ही चलने दो" म्हटलं. आत्याही तेवढे दिवस मला बोलायची थांबली.

पण खोटं सांगायलाही माहिती लागते. एका दिवशी बाबा म्हणाले, पिल्लं आता काळी पडू लागली.

"एवढ्यात कायची काळी?" माय म्हणाली. "अजून लाल राहातीन. तुमी नीट पाहून नाई राहिले."

बाबा घाबरले. त्या संध्याकाळी मला बरोबर घेऊन ते त्या म्हाताऱ्या ढिवराकडे गेले, आणि मरळीची पिल्लं कशी वाढतात, रंग कधी पालटतो, किती दिवस आईजवळ राहतात, सगळं विचारून घेतलं. म्हातारा विडी विझवून हसला.

"काय जी मिस्त्री, मरळीचं बाळंतपण करून राहिले का?"

"हो," बाबा म्हणाले.

त्यानंतर त्यांच्या सांगण्यात चूक झाली नाही. पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली, मग बोटाएवढी. लाल उतरून तपकिरी झाली, पाठीवर काळी रेघ आली. एकदा त्यांनी सांगितलं की एक पिल्लू थवा सोडून लांब गेलं होतं आणि मरळीने त्याला वळवून आणलं. हे त्यांच्या मनातलं होतं, म्हाताऱ्याने असं काही सांगितलं नव्हतं. माय ते ऐकून हसली. तिचा हात वाडग्यातच थांबला होता.

दसरा होऊन गेला. बांध्यांतल्या धानाची लोंबी पोटरीतून बाहेर आली होती. एका सकाळी बाबा तलावावरून आले, पाय धुतले, आणि नेहमीप्रमाणे ओसरीवर बसले. मायने विचारायच्या आधीच ते म्हणाले, "आता हे एवढे झाले," आणि मधलं बोट दाखवलं.

"आता मोठे झाले ते," माय म्हणाली. "आता मरळ सोडते त्याहिले. राखाचं काम सरलं तिचं."

बाबांनी बोट खाली घेतलं. म्हाताऱ्यानेही हेच सांगितलं होतं, आणि माय त्याच्याआधी लहानपणापासून ते जाणून होती. कितीही सांभाळून सांगितलं असतं तरी पिल्लं कधीतरी मोठी होणारच होती.

मायने वाडगा जमिनीवर ठेवला. त्यात अर्धी पेज होती. आत्या म्हणाली, "संपव ना वो," आणि माय म्हणाली, "पोट भरलं."

दुसऱ्या दिवशी बाबा पहाटे उठून तलावावर गेले. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. परत आले तेव्हा माय आत निजली होती, भिंतीकडे तोंड करून. बाबा दारात उभे राहिले.

"आज दिसले," ते म्हणाले. "अजून जवळच हायत. सोडलं नाई तिनं."

बाबांनी पुढचं सांगितलं. थवा कुठे होता, वारा कसा होता, मरळ कोणत्या अंगाने फिरत होती, सगळं, एकही गोष्ट न गाळता. मी पेजेचा वाडगा घेऊन त्यांच्या मागे उभी होते. त्यांचं सांगून होईपर्यंत तो निवला.

धान कापणीला आलं त्या दिवसांत माय गेली. तोवर बाबांनी एकही सकाळ चुकवली नाही.